शेवटच्या खोलीची चोरवाट

तपासनिसांनी बरणीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "हे झाकण एक आटा कमी बसतंय."

तपासनीस म्हणजे मुंगीबाईंचे यजमान. लग्न झाल्यापासून या घरातलं प्रत्येक झाकण, प्रत्येक कडी आणि प्रत्येक नळ त्यांच्या नवऱ्याने तपासून पाहिला होता, आणि त्यातलं एकही काही पहिल्या फटक्यात पास झालं नव्हतं. दुसरी कुणी असती तर तीच बरणी त्यांच्या डोक्यात घातली असती. मुंगीबाईंच्याही मनात हे यायचं, नाही असं नाही. पण तसं आलं की त्या स्वतःला तीन शब्दांची आठवण करून द्यायच्या: 'शेवट छान जमलाय.' एवढं आठवलं की राग निवायचा, आणि बरणी आपली फळीवर जायची.

आता हे तीन शब्द तपासनीस कधी आणि कशावर बोलले ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

तरुणपणी दोघं एका छोट्याशा कंपनीत कामाला होते. छोटीशी म्हणजे किती, तर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली, खिडकीला कागद चिकटवलेले, आणि तापलेल्या टीव्हींचा वास. घरगुती संगणक तेव्हा नुकते आले होते आणि ही कंपनी त्यांच्यावर खेळायचे खेळ बनवायची. खेळ कॅसेटवर भरून विकायचे. गाण्यांची असते तशीच कॅसेट. ती टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, मग ती कानठळ्या बसतील अशी किंचाळायची, आणि नशीब बरं असेल तर टीव्हीवर खेळ उमटायचा. नशीब बरं नसेल तर कॅसेट मागे गुंडाळायची आणि परत किंकाळी ऐकायची.

मुंगीबाई खेळ लिहायच्या आणि तपासनीस ते तपासायचे. कंपनीचा नियम साधा होता. तपासणाऱ्याने खेळ पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत स्वतः खेळायचा आणि मगच पास म्हणायचं. बाईंच्या खेळाचं नाव होतं 'साखरेचं गोदाम'. त्यात एक मुंगी साखरेचा दाणा डोक्यावर घेऊन पाली, कोळी आणि केरसुण्या चुकवत खोलीमागून खोली पार करते. त्या खेळापासून अख्खं ऑफिस त्यांना मुंगी म्हणायला लागलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

मुंगीबाईंनी खेळ दिला की तपासनीस तो परत पाठवायचे. कागदावर लाल पेन्सिलीने एकच शब्द असायचा: 'पुन्हा.' कधी पाल भिंतीतून आरपार जाते म्हणून, कधी उडीचा आवाज उडीच्या आधी येतो म्हणून. बाई दुरुस्त करून देत आणि तो पुन्हा परत येई. नाकी नऊ आणले हो त्या माणसाने! शेवटी बाईंचं डोकं फिरलं. शेवटच्या खोलीत गोदामाचा राखणदार होता, त्याला त्यांनी तपासनिसांचं रूप दिलं. छातीपर्यंत ओढलेली पँट, काडीसारखी मान, दोरी बांधलेला चष्मा आणि तलवारीसारखं नाक. मुंगी दिसली की हा राखणदार लाल पेन्सिली फेकायचा आणि डोक्यावर अक्षरं उमटायची: 'पुन्हा! पुन्हा!' आणि मुंगीने त्याला हरवलं की तो गुडघ्यांवर बसून दोन्ही कान धरायचा आणि म्हणायचा, 'चुकलो, मुंगीबाई. आता कुणाला छळणार नाही.'

ते नाक नीट जमेपर्यंत रोज संध्याकाळी त्याच खोलीत जावं लागायचं. दर वेळी पहिल्या खोलीपासून कोण खेळत बसणार? म्हणून बाईंनी स्वतःपुरती एक चोरवाट ठेवली. कीबोर्डच्या दोन टोकांच्या दोन कळा आणि खालची लांब पट्टी एकदम दाबली की थेट शेवटची खोली. काम झालं की ती काढून टाकायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि मनाशी ठरवलेल्या गोष्टींचं जे होतं तेच तिचं झालं.

खेळ तपासायला दिला त्या दिवशी बाईंची पाचावर धारण बसली होती. रागाच्या भरात केलं खरं, पण आता हा माणूस ते बघणार, साहेबांना दाखवणार आणि आपली नोकरी जाणार. तपासनीस त्यांच्या टेबलाशी आले. लाल पेन्सिल कानामागेच होती. "पास," ते म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, "शेवट छान जमलाय."

बस्स. मुंगीबाई तिथेच विरघळल्या. ज्याची एवढी टिंगल केली त्याने ती पाहिली, गिळली, वर कौतुक केलं आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही! असा मोठ्या मनाचा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. मग बाईंनीच पुढाकार घेऊन लग्नाचं विचारलं, आणि तेवढी एक गोष्ट तपासनिसांनी न तपासता मान्य केली. शेवटच्या खोलीबद्दल मात्र दोघं पुढे कधीच बोलले नाहीत. बाईंना वाटायचं, यांनी मोठेपणाने झाकलं आहे, आपण कशाला उकरून काढा?

तर असं होतं सगळं, आणि बरणीचं झाकण एक आटा कमी बसत होतं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि लेक आली.

लेक जुने खेळ जतन करणाऱ्या एका संग्रहालयात नोकरीला होती. तिने काखेतला टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. "आई, तुझी ती कॅसेट कुठेय? आमचं प्रदर्शन आहे. 'साखरेचं गोदाम' आम्हाला कुठेच मिळत नाहीये. तुझ्याकडची शेवटची असणार."

कॅसेट बटणांच्या डब्यात निघाली. लेकीने टेपरेकॉर्डर आपल्या संगणकाला जोडला आणि कॅसेट लावली. तीच जुनी किंकाळी, पण घसा बसल्यासारखी. लेक बारीक पेचकसाने टेपच्या तोंडाजवळचा स्क्रू हळूहळू फिरवू लागली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "अजून थोडा डावीकडे," त्या म्हणाल्या. "हां, आता बरोबर ओरडतेय." किंकाळी स्वच्छ झाली आणि सगळा खेळ संगणकात उतरला. नव्या संगणकाच्या पोटात लेकीने जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल बसवली होती. ती खेळाला असं भासवत होती की तू आपल्याच घरी आहेस. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर ती टिंबाएवढी मुंगी चालू लागली आणि मुंगीबाईंना एकदम भरून आलं. आपल्या हातचं काहीतरी इतक्या वर्षांनी चालताना बघणं ही काही लहान गोष्ट नाही.

"आणि बाबा, गंमत म्हणजे," लेक म्हणाली, "यात हवं तिथे थांबून जागा राखून ठेवता येते. मेलात तर हातातल्या या यंत्रावरचं हे बटण दाबायचं, खेळ मागे फिरतो. आता कुणीही शेवटपर्यंत जाऊ शकतं."

"कुणीही?" मुंगीबाईंनी विचारलं.

"दे इकडे ते," तपासनीस म्हणाले आणि बाह्या सरसावून बसले. "या वेळी सगळं नीट बघतो."

'या वेळी' हे शब्द बाईंच्या कानांवरून तसेच निघून गेले. ते अडकले दुसऱ्या दिवशी. तपासनीस खेळातल्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत पोचले आणि लहान मुलासारखे ओरडले, "अगं, इथे पालीची शेपटी तुटते आणि तीच मागे लागते! हे कधी घातलंस?"

"पहिल्यापासून आहे," मुंगीबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. ही शेपटी ज्याने एकदा पाहिली तो ती विसरणं शक्य नव्हतं. त्यांनी आवाज अगदी साळसूद केला. "पुढच्या खोलीत छतावरून काय पडतं ते आठवत असेल ना तुम्हाला?"

"हो तर! न आठवायला काय झालं?"

"काय पडतं?"

"ते हे... पोतं."

पोतं, डोंबल! पुढच्या खोलीला छतच नव्हतं.

मुंगीबाई स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसल्या. म्हणजे हा माणूस एवढ्या पुढे कधी आलेलाच नव्हता. जगातल्या यच्चयावत झाकणांवर शंका घेणारा हा तपासनीस खेळ न खेळताच पास म्हणाला होता! मग 'शेवट छान जमलाय' म्हणजे काय? ती कामचुकार माणसाची थाप होती. त्या थापेवर आपण विरघळलो, लग्न केलं, संसार केला आणि इतक्या बरण्या खाली ठेवल्या. बाईंना हसू यायला हवं होतं, पण त्यांना खरोखर रडू आलं.

आणि रडता रडताच त्यांना पुढचं सुचलं. हे आता बटणं दाबत, मागे फिरवत, एक ना एक दिवस शेवटच्या खोलीत पोचणार. तिथे ते स्वतःला पहिल्यांदा बघणार. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटेल त्यावरून कळणार की आपण लग्न नेमकं कुणाशी केलं. मोठ्या मनाच्या माणसाशी, की एका नुसत्याच झाकणवाल्याशी. हे जाणून घ्यायची मुंगीबाईंची अजिबात तयारी नव्हती.

मग बाईंनी कंबर कसली. त्यांनी खेळायच्या त्या रिमोटसारख्या यंत्राचे सेल उलटे घातले. तपासनिसांनी ते लगेच तपासले आणि सुलटे केले. बाईंनी राखून ठेवलेली जागा पुसली आणि त्यांना परत पहिल्या खोलीत आणून सोडलं.

"मी काल इथे नव्हतो," तपासनीस म्हणाले.

"वय झालं की असं होतं हो," बाई मायेने म्हणाल्या.

तपासनिसांनी पुन्हा सुरुवात केली. चिकाटी मात्र होती हो माणसात. प्रदर्शन तोंडावर आलं तोवर ते शेवटून दुसऱ्या खोलीत येऊन पोचले. तिथे एक अशी उडी होती की ती मारताना खुद्द बाईंचाही दम निघायचा. "उद्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर मारतो ही," ते म्हणाले. "लेकीने मलाच खेळायला बसवलंय. ज्याने तपासला तोच खेळून दाखवणार!"

म्हणजे चेहरा उमटायचा तो सगळ्यांसमोर. मुंगीबाईंनी तडक लेकीला गाठलं.

"त्या शेवटच्या खोलीतला राखणदार बदलून टाकू या का गं? एखादी घूस घालते तिथे. मला काय, चुटकीसरशी होईल."

"आई!" लेक अशी दचकली की जणू आईने कुणाचा खिसा कापायला सांगितला. "जतन करायचं म्हणजे जसं होतं तसं. एक टिंबही बदलायचं नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"जसं होतं तसं?"

"अगदी तसं."

मुंगीबाईंच्या डोळ्यांत जी चमक आली ती लेकीने ओळखायला हवी होती. "मग हे मागे फिरवायचं बटण त्या काळी होतं का गं? जागा राखून ठेवणं होतं का? आणि त्या हातातल्या यंत्रावर कुणी खेळायचं? तेव्हा कीबोर्ड होता. तुम्हीच असं करायला लागलात तर मग बोलणंच खुंटलं बाई."

लेक विचारात पडली. लेकीची ही गोची व्हावी हीच तर बाईंची इच्छा होती. "बरोबर आहे तुझं," ती शेवटी म्हणाली. "उद्या जुना कीबोर्ड लावते. मागे फिरवणं बंद, राखणं बंद. पहिल्या खोलीपासून."

मुंगीबाईंचा जीव भांड्यात पडला. बटणाशिवाय तपासनीस तिसऱ्या खोलीपलीकडे जाणं शक्यच नव्हतं. त्या घरी येऊन गाढ झोपल्या.

प्रदर्शनाचा हॉल भरला होता. पुढे टेबलावर जाडजूड पाठीचा जुना टीव्ही, त्याच्यासमोर पिवळट पडलेला कीबोर्ड, आणि मागच्या भिंतीवर तेच चित्र मोठं करून दाखवणारा पडदा. मुंगीबाई बाजूच्या खुर्चीवर हार घातलेल्या फोटोसारख्या निवांत बसल्या होत्या. लेकीने माइक घेतला. "हा खेळ माझ्या आईने लिहिला आणि बाबांनी तपासला. अगदी पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत."

तपासनिसांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. पहिली खोली झाली. दुसरी कशीबशी झाली. तिसऱ्या खोलीत केरसुणीने मुंगीला झाडून काढलं. मग पुन्हा, आणि मग पुन्हा. सगळे जीव संपले. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मुंगीबाईंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले. "अहो, असं काय करता? शेवट दाखवा की! मी त्या काळी ही कॅसेट विकत घेतली होती. बायको ओरडायची, मुलं हसायची, पण मी खेळत राहिलो. त्या एका उडीपायी आयुष्यात शेवट बघायला मिळाला नाही. आता तरी बघू द्या!"

सगळा हॉल तपासनिसांकडे बघू लागला. तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आजोबांकडे पाहिलं. मग हात कीबोर्डवर ठेवले, आणि कीबोर्डकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही करंगळ्या दोन टोकांना गेल्या. अंगठे लांब पट्टीवर आले. सगळं एकदम दाबलं गेलं.

मुंगीबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. पडदा काळा झाला आणि उजळला तेव्हा समोर शेवटची खोली होती.

छातीपर्यंत पँट, काडीसारखी मान, दोरीचा चष्मा आणि ते नाक. 'पुन्हा! पुन्हा!' लोकांनी पडद्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या माणसाकडे, मग परत पडद्याकडे. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग अख्खा हॉल फुटला. लेकीने माइक तोंडावर धरला. मुंगीबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण त्यांचं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे होतं. त्यावर आश्चर्य नव्हतं. राग नव्हता. एखादा माणूस रोजच्या वाटेने घरी जाताना दिसतो तसे ते दिसत होते. आणि त्यांची मुंगी! तिसऱ्या खोलीत केरसुणीखाली मरणारा हा माणूस इथे एकेक पेन्सिल ती सुटायच्या आधीच चुकवत होता. कुठली वरून येणार, कुठली खालून, सगळं बोटांना पाठ होतं. ही खोली तो एकदा खेळला नव्हता. कैक वेळा खेळला होता.

राखणदार गुडघ्यांवर बसला आणि त्याने कान धरले. 'चुकलो, मुंगीबाई. आता कुणाला छळणार नाही.' आजोबांनी काठी वर करून आरोळी ठोकली. तपासनीस उठले, लोकांना वाकून नमस्कार केला आणि बायकोकडे वळले.

"शेवट छान जमलाय," ते म्हणाले.

घरी आल्यावर मुंगीबाईंनी चपला काढल्या. मग मात्र त्यांना राहवेना.

"ती चोरवाट तुम्हाला कशी माहीत?"

"तू रोज संध्याकाळी दाबायचीस. मी मागे चहाचा कप घेऊन उभा असायचो. तुझं लक्ष असायचं कुठे! त्या नाकावर किती वेळ घालवलास गं? मला वाटायचं, इतक्या बारकाईने माझ्याकडे आईनेसुद्धा कधी बघितलं नसेल."

बाईंनी नकळत त्यांच्या नाकाकडे पाहिलं. पण सोडतात कसल्या! "आणि मधल्या खोल्या?"

तपासनीस ओट्याकडे वळले आणि बरणीचं झाकण चाचपू लागले. "फार अवघड होत्या गं त्या."

"म्हणजे न खेळताच पास!"

"शेवट पाहिला होता ना मी. म्हणून तर या वेळी म्हटलं, मधलंही नीट बघून टाकावं. पास म्हटलं होतं मी. मनाला लागून राहिलं होतं."

"मग नुसत्या पहिल्या दोन खोल्या बघून 'पुन्हा, पुन्हा' म्हणून मला का छळलंत?"

तपासनिसांनी झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "परत पाठवलं की तू भांडायला यायचीस," ते म्हणाले. "पास केलं असतं तर कशाला आली असतीस?"

मुंगीबाईंनी त्यांच्या हातातली बरणी काढून घेतली. क्षणभर ती त्यांच्या डोक्यात जाणार असं वाटलं, पण ती फळीवर गेली. मग त्या पदराने डोळे पुसत बाहेर निघून गेल्या आणि लेकीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस उठून बघतात तर टीव्हीसमोर तो पिवळट कीबोर्ड मांडलेला. मागे फिरवायची सोय बंद, जागा राखायची सोय बंद, आणि चोरवाटेच्या दोन कळांवर घट्ट चिकटपट्टी. खुर्चीच्या मागे दुसरी खुर्ची होती, आणि तिच्यावर कानामागे लाल पेन्सिल खोचून मुंगीबाई बसल्या होत्या.

"हे काय?"

"तपासणी. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत. बसा."

तपासनीस बसले. पहिली खोली झाली, दुसरी झाली. तिसऱ्या खोलीत केरसुणी आली आणि तिने मुंगीला साखरेच्या दाण्यासकट झाडून काढलं. तपासनिसांनी मान वळवून मागे पाहिलं.

"आधी चहा तरी देशील का गं?"

मुंगीबाईंनी कानामागची पेन्सिल काढली, खुर्ची आणखी जवळ ओढली आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "पुन्हा."